बाई, पाठ फिरवलीत म्हणून आभार

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे गं" म्हणत चहाचं आधण ठेवायला उठता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. रागावलात तर रागवा.

तुमच्या आधी मला शांत करायला बरेच जण येऊन गेले. ऑफिसात ताणतणावावर व्याख्यान झालं. वक्ते म्हणाले, स्वतःसाठी रोज एक तास काढा. त्या व्याख्यानात गेलेला तास साहेबांनी त्याच संध्याकाळी आमच्याकडून भरून घेतला. मोबाइलवरच्या ॲपने श्वास मोजायला सांगितला, तर श्वासांबरोबर मी शाळेची फी आणि दुधाचे पैसेही मोजून घेतले. मग पैसे भरून एका रविवारी 'आयांसाठी ऋतुचित्रं' शिकायला गेले. ऑक्टोबरची मुंबई, अंगातून घामाच्या धारा, आणि हॉलभर बायका नमुना बघून मेपलची लाल पानं रंगवतायत! मधूनमधून त्यांच्या पेजसाठी फोटो. शेजारणीचं पान माझ्यापेक्षा चांगलं आलं, हे एक नवं टेन्शन तेवढं घरी आणलं. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही किती हसलात! "अगं, आपल्याकडे पानं लाल व्हायची ती बदामाची. थंडी सरताना. तेव्हा बघ."

ती श्रावणातली संध्याकाळ. मुलुंड स्टेशनपासून भिजत आले होते. वर दोन्ही मुलं, गृहपाठ, कुकर, सासऱ्यांची औषधं. जिन्यात जरा टेकले ती उठवेचना. तुम्ही कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला दार उघडलंत आणि काय झालं, कुणी काही बोललं का, असलं काही विचारलं नाहीत. "आत ये," एवढंच.

टेबलावर पूजेतून उरलेला तेरडा स्टीलच्या पेल्यात होता. तुम्ही ब्लेडने पेन्सिल तासलीत, एक पाठकोरा कागद सरकवलात. "पानाच्या कडेवरून मुंगी चाललीय समज. तिच्या चालीने पेन्सिल ने. कागदाकडे बघू नकोस, पानाकडे बघ." पालिकेच्या शाळेत एवढी वर्षं चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना मुलं बसवलेल्या बाईंकडून मी निदान तासभर धड्याची तयारी ठेवली होती. धडा तिथंच संपला.

आणि मग तुम्ही खुर्ची फिरवलीत. माझ्याकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून मोड आलेले वाल सोलत बसलात.

बाई, तुम्हाला वाटलं असेल त्यात काय. पण त्या वेळी घरात, ऑफिसात, मुलांच्या शाळेच्या ग्रुपवर सगळीकडे माझ्यावर कुणाची तरी नजर होतीच. आणि तुम्हाला हेही ठाऊक नव्हतं की शाळेत एका शिक्षिकेने माझा आंबा वर्गभर दाखवत "हा बटाटा कुणाचा?" असं विचारलं होतं. तेव्हापासून कुणी बघत असताना मी साधी रेघही मोकळेपणाने ओढलेली नाही. तुमच्या पाठीमागे बसून ओढली. वाकडीतिकडी, मध्येच स्वतःलाच ओलांडून जाणारी. पानाची कड करवतीसारखी दातेरी असते, फुलामागे बारीक वाकडी शेपटी असते. इतक्या मंगळागौरींना तेरडा वाहिला, पण ही शेपटी मी कधी पाहिली नव्हती. वाल सोलल्याचा आवाज येत होता. कुकरची आठवण झाली तेव्हा लक्षात आलं, की मधला सगळा वेळ ती झालीच नव्हती.

निघताना तुम्ही चित्र मागितलं नाहीत. "आघाडाही आहे बाजारात, तो काढ," म्हणालात आणि बिरड्यासाठी मूठभर वाल माझ्याच डब्यात घातलेत.

पुढे कुठेतरी वाचलं, की अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात २०१६ साली ३९ जणांना ४५ मिनिटं चित्र, मातीकाम असलं काही करायला बसवलं, तर सुमारे ७५ टक्के लोकांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झालं. चित्रकलेचा सराव असण्या-नसण्याने फारसा फरक पडला नाही. मी धावत सांगायला आले. तुम्ही म्हणालात, "४५ मिनिटं? ती कुठून आणणार तू?" आणि कुकरच्या दोन शिट्ट्यांमधला वेळ माझा ठरवून दिलात. तेवढ्यात झेंडूची एक पाकळी होते. बदामाचं लाल पान मात्र चार रात्री पुरलं.

आपल्या आज्या चातुर्मासात रोज गोपद्मं काढत, नागपंचमीला पाटावर नाग काढत. त्यांच्या रेघेला कुणी मार्क दिले नाहीत, हेही तुमच्याच बोलण्यातलं. मदत करणारी माणसं या शहरात पुष्कळ आहेत. लोकलमध्ये अनोळखी बाई आपलं मूल मांडीवर घेते. पण मदत करून झाल्यावर ती नीट घेतली का, हे तपासायला न येणारी माणसं मला फार भेटलेली नाहीत.

चैत्रांगण शिकवायचं कबूल केलंयत, विसरू नका. चैत्र शुद्ध तृतीयेपासून ते काढतात ना? लादीवर रांगोळी बसत नाही ही तुमची तक्रार आहे, तर मी पाट आणि गेरू घेऊन येते. शंख, चक्र तुम्ही काढा, कासव माझं. आणि त्या दिवशी चहाही मीच करणार.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची