पुलावर जा, पण आधी वरचं पाणी बघा

ती. आई आणि अण्णा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर मी घाई करते आणि तुमचं अर्धंच ऐकून ठेवून देते, म्हणून यावेळी लिहितेय. मे महिन्यात सुट्टीला आले तेव्हा आपलं जे वाजलं ते अजून डोक्यातून गेलेलं नाही. "सगळं सरकारी साइटवर मिळतं, तुम्ही उगाच चकरा मारता" असं मी म्हणलं आणि अण्णा, तुम्ही एक शब्द न बोलता चपला घालून बाहेर पडलात. तुम्हाला लागलं होतं हे आईनं नंतर सांगितलं. चुकलं माझं. पण पुण्याला आल्यावर मी एक केलं, तुम्ही ज्या ज्या कामाला बाहेर पडता ती एकेक घेऊन साइटवर खरंच होतात का ते स्वतः बसून बघितलं. काही ठिकाणी तुमचंच बरोबर निघालं, काही ठिकाणी मात्र मी माझा हट्ट सोडणार नाही.

आधी पाण्याचं लिहिते कारण पाऊस लागलाय आणि माझा जीव तिथंच अडकलाय. कृष्णेचं पाणी चढायला लागलं की आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलावर जाऊन बघायचं हे तुमचं पोरवयापासूनचं. 40 फुटाला इशारा आणि 45 ला धोका, हे आपल्या गावभागात शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पुलावरचा आकडा खोटं बोलत नाही, पाणी डोळ्यासमोर असतं, हे तुमचं म्हणणं मला पटतं. पण अण्णा, पूल फक्त आत्ताचं सांगतो. उद्या आपल्या दारात येणारं पाणी आज वर नवजाला, महाबळेश्वरला, कोयनानगरला पडत असतं. जलसंपदाच्या साइटवर तो पाऊस दिसतो, कोयना धरणाच्या 105 टीएमसीत किती भरलंय आणि किती क्युसेकनं सोडलंय ते दिसतं, चांदोली धरणातून वारणेत किती आलंय तेही दिसतं. वारणा आपल्या खाली हरिपूरला मिळते, तिला पाणी असलं की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही आणि फुगवटा मागं आपल्याकडं येतो, हे तुम्हीच मला संगमावर उभं राहून शिकवलंय. मग ते सगळं एका जागी बसून कळत असेल तर पुलावर जायच्या आधी दोन मिनिटं ते बघायला काय हरकत आहे?

बघताना एकच करा, आकड्याशेजारी तारीख आणि वेळ असते ती आधी वाचा. सकाळी आठचा आकडा दुपारी चारला तसाच दिसत असला तर त्याच्यावर विसंबू नका, सरळ छत्री घेऊन पुलावर जा. आणि व्हॉट्सॲपवर "इतके दरवाजे उघडले" म्हणून जे फिरतं त्याला तर वेळ पण नसते आणि कुणी लिहिलंय तेही कळत नाही. ते आईला वाचून दाखवू नका, तिची झोप जाते.

हे सगळं लिहिताना 2019 आठवतंय. पाणी 57 फुटांच्या वर गेलं, लाईट गेली, दुसऱ्या दिवशी तुमचा मोबाईल बंद पडला. इथं पुण्यात मी साइट उघडून बसले होते, आकडा दिसत होता पण तुम्ही दोघं कुठल्या मजल्यावर आहात ते कळत नव्हतं. तिथं तुम्ही जिन्याच्या पायऱ्यांवर खडूनं खुणा करून पाणी चढतंय का उतरतंय ते शेजारच्यांना सांगत होता. त्या खडूची बरोबरी कुठलीच साइट करणार नाही, मी हे मनापासून लिहितेय. म्हणून रेडिओचे सेल भरून ठेवा, खडू पण ठेवा.

सातबाराचं मात्र तुम्ही ऐकाच. सहीशिक्क्याचा उतारा आणायला डिग्रजला दोन-दोन फेऱ्या मारायची आता गरज नाही. भूलेखच्या साइटवर फुकट दिसतो तो नुसता बघण्यापुरता, पण महाभूमीच्या साइटवर डिजिटल सहीचा 15 रुपयात निघतो, बँकेत, कोर्टात, सगळीकडं चालतो, खाली पडताळणी क्रमांक असतो त्यावरून खरा का खोटा ते कुणालाही तपासता येतं. मात्र एका गोष्टीत तुम्ही जिंकलात. कॉम्प्युटरवर चढवताना आपले दोन गुंठे कमी लागले होते ना, साइट तीच चूक दरवेळी स्वच्छ छापून देत होती. ती सुधारली ती तुमच्या ट्रंकेतल्या हातानं लिहिलेल्या जुन्या उताऱ्यामुळं, तो दाखवून कलम 155 खाली तहसीलदारांकडं अर्ज केलात म्हणून. ते कागद जपलेत म्हणून मी पूर्वी चिडायचे, आता नाही चिडणार.

हळदीचं वेगळंच आहे. बाजारभावाच्या साइटवर सांगलीची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर रोज येतात, क्विंटलचे. पण किमान आणि कमाल यात एवढं अंतर असतं की आपली राजापुरी हळद नेमकी कुठं बसणार हे त्यातून कळत नाही, ते सौद्यात हळकुंड मोडून आतला रंग बघितल्यावरच कळतं. मला वाटतं आकडे बघून जावं एवढंच, म्हणजे कुणी फारच पाडून मागितलं तर तुम्हाला लगेच समजेल. मार्केट यार्डात तुम्ही गेलंच पाहिजे.

पेन्शनसाठीचा नोव्हेंबरचा हयातीचा दाखला चेहरा दाखवून मोबाईलवर होतो, बोटांचे ठसे उमटले नाहीत तरी चालतं. मागच्या वेळी मी तेच करून देत होते तर तुम्ही नको म्हणालात, आणि मला वाटलं तुम्हाला जमत नाही. आईनं सांगितलं की दाखला द्यायला जाता तिथंच तुमच्या शाळेतले जुने गुरुजी वर्षातून एकदा भेटतात आणि कोण आलं नाही तेही तिथंच कळतं. मग जात जा अण्णा. गुडघा दुखत असेल त्या वर्षी मोबाईलवर करू, बाकीच्या वर्षी नाही.

आई, तू मोबाईलवर गोळ्यांची नावं टाकून माहिती वाचतेस ते वाच, पण बंद करायची किंवा अर्धी करायची तर डॉक्टरांनाच विचार. आणि दोघंही, वीज तोडणार म्हणून कुणी लिंक पाठवली तर उघडू नका. बहुतेक सरकारी साइटींच्या पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असतं, तेवढं बघा. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, लगेच 1930 ला फोन करा, मग मला.

मी शनिवारी येतेय. साइटी तुमच्या मोबाईलवर मोठ्या अक्षरात लावून देते, आणि यावेळी शेजारी बसून दाखवते, हातातून मोबाईल ओढून घेणार नाही. तोवर पाणी 35 फुटांवर गेलं तर रात्री कितीही वाजता फोन करा, मी लगेच निघते. आणि आई, शेजारच्या पोरांना हाक मारून ती ट्रंक खालच्या खोलीतून आजच माडीवर नेऊन ठेव, अण्णांचा जुना उतारा तिच्यातच आहे.

तुमची,
ताई