गावठी कुत्र्याला काही होत नाही म्हणे!

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : पाळीव प्राण्यांसाठीची तुमची अश्वगंधा मूळ पावडर, 100 ग्रॅमचा डबा, किंमत 640 रुपये. तक्रार चौथ्यांदा, लेखी पहिल्यांदा.

आज दुपारी तुमच्या हेल्पलाइनवरचा चौथा फोन संपला. संपला म्हणजे तिकडून ठेवला गेला. तो राग ताजा असतानाच लिहितोय, त्यामुळे भाषा जरा इकडेतिकडे झाली तर चालवून घ्या. मीही तुमचं बरंच चालवून घेतलंय.

डबा तुमचाच, तेव्हा त्यावर काय छापलंय हे तुम्हाला ठाऊक असणार. पुढच्या बाजूला जाडजूड मुळांचं चित्र आणि ठळक अक्षरात ‘शुद्ध अश्वगंधा मूळ’. मागे, बारकोडच्या खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात ‘अश्वगंधा (पंचांग)’. पंचांग म्हणजे भिंतीवर टांगायचं नव्हे, एवढं मला कळतं. मूळ, खोड, पान, फूल, फळ, सगळं झाड. मग पुढचं चित्र कशाचं आहे?

आमचा भुऱ्या अकरा वर्षांचा, 18 किलोचा. मागचे पाय धरलेत, बसला की उठताना कण्हतो. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांधे झिजल्याचं सांगून गोळ्या दिल्या. आस्कंद, म्हणजे अश्वगंधाच, देऊ का, हे मीच विचारलं. ते म्हणाले, कुत्र्यांवर याचा फार अभ्यास झालेला नाही, चमत्काराची आशा धरू नका. द्यायचीच तर फक्त मुळाची, अगदी थोड्यापासून, आणि माझ्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. गाभण कुत्री असती किंवा थायरॉइडचा, साखरेचा त्रास असता तर सरळ नाही म्हटलं असतं. सुस्ती किंवा जुलाब दिसले की त्याच दिवशी थांबवा. सरकारी दवाखान्यातल्या माणसानं दोन मिनिटांत, फुकटात जे सांगितलं, त्यातलं एक अक्षरही तुमच्या 640 रुपयांच्या डब्यावर नाही. ‘आनंदी शेपटी, आनंदी घर’ एवढं मात्र आहे.

डब्यावर मात्रा लिहिली आहे : दर दहा किलो वजनाला अर्धा मेजर, म्हणजे मापाचा चमचा. मेजर कुठं आहे? डब्यात नाही, खोक्यात नाही. खोकं उलटं करून झटकलं, त्यातून तुमच्या शॅम्पूची जाहिरात पडली. पहिला फोन त्याचसाठी केला होता. उत्तर आलं, “घरातला कोणताही चमचा वापरा.” आमच्या घरात चहाचा चमचा आहे, वरणाचा डाव आहे आणि लग्नाच्या पंगतीला वाढायची पळीही आहे. कोणती धरू? शेवटी चहाच्या चमच्याचं टोक भरून भाकरीच्या कुस्कऱ्यात मिसळलं.

झाकण उघडलं तेव्हाच शंका आली होती. पावडर हिरवट होती. साहेब, आस्कंद आमच्या बांधावर आपोआप उगवते. माझी माय तिला ढोरगुंज म्हणायची. चिरबोटीसारख्या पातळ पिशवीत लाल गुंजेएवढं फळ, वांग्या-टोमॅटोच्या कुळातलं झाड. मूळ खणून, वाळवून कुटलं की मळकट पांढरं पीठ निघतं, दादर ज्वारीच्या पिठासारखं. ओल्या मुळाला घोड्याचा वास, म्हणून तर नाव अश्वगंधा. त्या पिठात हिरवं येतं कुठून, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. पानं असल्याशिवाय ते येत नाही. मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरच्या बाजारात भाव मुळाला, जाडी बघून मिळतो. पानं काय, शेतात पडलेलीच असतात. शिवाय पानांत विदाफेरिन-ए हे रसायन मुळापेक्षा जास्त असतं आणि 2021 मध्ये आयुष मंत्रालयानं उत्पादकांना अश्वगंधेची पानं वापरू नका म्हणून सूचना दिली होती. तुमच्या केमिस्टला हे माहीत असणार. मला माहीत आहे आणि मी कपाशी लावतो.

तरी दिली, ही माझी चूक. डब्यावरच्या ‘शुद्ध’ या शब्दावर विश्वास ठेवला. चौथ्या दिवशी जुलाब, तोंडाला लाळ, आणि कुत्रं नुसतं पडून. एरवी फाटकाशी सायकल वाजली तरी उठणारा, त्या दिवशी दूधवाला अंगणात येऊन गेला तरी कान हलला नाही. शेजारच्या म्हातारीनं कुंपणावरून विचारलं, “कुत्राले काय व्हयनं?” काय सांगणार? डॉक्टरांनी आधी पावडर बंद करायला लावली, सलाइन चढवली. त्याचे आणि रिक्षाचे मिळून 550 रुपये गेले.

दुसऱ्या फोनवर मी म्हटलं, यात मूळ किती आणि पानं किती ते सांगा. समोरचा मुलगा थोडं थांबून म्हणाला, “सर, यात मुळा नाहीये.” मी म्हटलं, मुळा नाही हो, मूळ. तो म्हणाला, “तेच सर, मुळा वगैरे भाज्या आम्ही टाकत नाही.” तिसरा फोन सतरा मिनिटं बासरी ऐकून कटला.

आता चौथा. हा मात्र शब्दशः वाचा, तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेलच.

“सर, ब्रीड कोणती?”

“गावठी.”

“म्हणजे लॅब्राडोर मिक्स?”

“म्हणजे गावठी. आई गावातली, बाप गावातला.”

“लिस्टमध्ये गावठी हा ऑप्शन नाहीये सर. मी ‘इतर’ टाकते.” टकटक ऐकू आली. मग एकदम मोकळा आवाज : “मग काळजी करू नका सर. गावठी कुत्र्यांची इम्युनिटी स्ट्राँग असते, ते उकिरड्यावरचंसुद्धा खातात. त्यांना एवढ्यानं काही होत नाही.”

“ताई, त्याला सलाइन लागली.”

“हो सर, पण ते पावडरमुळेच झालं असं नाही ना. तुमच्याकडे उन्हाळाही खूप असतो.”

असतो. अमळनेरला मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो. भुऱ्यानं असे अकरा उन्हाळे काढलेत. हिरवी पावडर पहिल्यांदाच खाल्ली.

मी म्हटलं, तुमच्यात औषध जाणणारं कुणी असेल तर त्यांच्याशी बोलू द्या. तर ती म्हणे, “सर, आमचं प्रॉडक्ट मेनली ब्रीडवाल्या पेट्ससाठी डिझाइन केलेलं आहे.” आणि फोन ठेवला. पैसे घेताना ब्रीड विचारली होती का? ऑर्डर करताना फक्त पिनकोड विचारला होता, तो 425401 चालला तुम्हाला. त्या पोरीवर माझा राग नाही, तिच्या पुढ्यात जे लिहून ठेवलंय ते ती वाचते. लिहिणारे तुम्ही. उकिरड्यावरचं खातात म्हणे! आमचं कुत्रं ताजी भाकरी आणि ताक खातं, आणि ती भाकरीसुद्धा आठ दिवस झाले आधी हुंगतं, मग माझ्या तोंडाकडे बघतं. अकरा वर्षांत त्यानं कधी असं बघितलं नव्हतं. याची भरपाई तुमच्या कोणत्या फॉर्ममध्ये टाकायची?

वाईट याचंही वाटतं की तुमच्या कंपनीचं गोचीड मारायचं औषध मी सहा वर्षं वापरलं आणि चार जणांना सांगितलं. आता त्या चौघांना हेही सांगावं लागेल.

मला हवंय ते असं. डब्याचे 640 आणि दवाखान्याचे 550 रुपये. या बॅचमध्ये मूळ किती, पान किती, याचं सहीशिक्क्याचं लेखी उत्तर. आणि डब्याच्या पुढच्या बाजूचं चित्र एक तर खरं करा, नाही तर काढा. पंधरा दिवस वाट पाहीन. नंतर जळगावला अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज देईन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या कायद्यानं मी राहतो तिथेच तक्रार करता येते, आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील नको, भाषण मला येतं. अर्धी पावडर काचेच्या बरणीत लाखबंद करून ठेवली आहे, उरलेली डब्यात आहे.

आणि मेजरचं काय झालं ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

डबा परत न्यायला माणूस पाठवणार असाल तर आधी फोन करून पाठवा. भुऱ्या आता उठून बसायला लागलाय. तो गावठी आहे, फाटकाशी आलेल्याला ब्रीड विचारत नाही.

तुमचा आजवरचा ग्राहक,
ता. अमळनेर, जि. जळगाव