गारठलेल्याला ब्रँडी नकोच

रविवारच्या पुरवणीतील उत्तराखंडमधल्या केदारकंठा शिखराच्या हिवाळी ट्रेकवरचा लेख वाचला. तयारीची माहिती उपयुक्त आहे. मात्र गारठलेल्या सोबत्याचे हातपाय चोळावेत व थोडी ब्रँडी पाजावी, हा सल्ला जिवावर बेतू शकतो. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात. ऊब आल्यासारखी वाटते, पण शरीरातली उष्णता बाहेर जाते. चोळाचोळीने हातपायांतले थंड रक्त हृदयाकडे वळून ठोके बिघडण्याची भीती असते.

शरीराचे आतील तापमान ३५ अंश सेल्सिअसखाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो. जीभ जड होते, तोल जातो, जॅकेटची चेन लावता येत नाही. साधारण ३२ अंशांखाली कुडकुडणेच थांबते आणि सोबत्यांना वाटते, आता बरे आहे. खरा धोका तिथेच असतो.

अशा वेळी आडोशाला नेऊन ओले कपडे मोज्यांसकट काढावेत, गरज पडल्यास कापावेत. अंगाखाली मॅट हवीच, कारण गार जमीन उष्णता शोषते. कोरड्या स्लीपिंग बॅगेत झोपवून वरून प्लास्टिक गुंडाळावे. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून काखेत व छातीवर ठेवाव्यात. तो शुद्धीवर असेल आणि त्याला नीट गिळता येत असेल, तरच गोड, कोमट पेय द्यावे. गुंगी आली असेल तर चालवू नये. आडवे ठेवूनच, धक्का न लावता न्यावे.

पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर भिजून वाऱ्यात अडकलेल्यांनाही हेच लागू आहे. कृपया लेखातील सल्ल्याची दुरुस्ती छापावी.

– एक गिर्यारोहक, पुणे