पोपटाच्या पुस्तकांचा कॉम्बो घेतला आणि माझाच पोपट झाला

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,

विषय: १४ जूनच्या ऑर्डरमधली तीन पुस्तकं परत घेऊन पूर्ण रिफंड देणे आणि त्यातली दोन साइटवरून काढणे

नमस्कार,

चॅटवर तीनदा लिहून झालंय, तिन्ही वेळा "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" आलं आणि चॅट बंद. म्हणून आता मेल करतेय, कृपया शेवटपर्यंत वाचा.

आमच्या शेजारच्या काकांची नागपूरला बदली झाली आणि त्यांचा कॉकटील जातीचा छोटा पोपट आमच्याकडे आला, दुकानदार ज्याला सर्रास कॉकटेल म्हणतात तो, डोक्यावर तुरा आणि गालावर केशरी टिकली. नाव शिट्टू. आमच्या घरात मनीप्लँटसुद्धा धड जगलेला नाही, त्यामुळे म्हटलं नीट वाचून काय ते करू, यूट्यूबवर दहा जण दहा गोष्टी सांगतात. तुमच्या साइटवर 'पोपट' टाकलं तर सगळ्यात वर हा तीन पुस्तकांचा कॉम्बो, साडेचार स्टार, ११४९ रुपये, घेतला. पान उघडून बघायची सोय नाही, अनुक्रमणिका नाही, कुठल्या सालचं ते नाही, कोणत्या पक्ष्यासाठी तेही नाही, नुसतं "सर्व पोपटांसाठी उपयुक्त". स्टार बघून घेतलं ही माझी चूक, मान्य.

पहिलं पुस्तक उघडलं तर त्यात झाडाच्या ढोलीतून पोपटाचं पिल्लू कसं काढायचं ते फोटोसकट दिलंय!! अहो, आपला हिरवा लाल चोचीचा पोपट घरात पाळणं हाच वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. कॉकटील मूळचा ऑस्ट्रेलियाचा म्हणून त्याचं वेगळं, पण पुस्तकाला हा फरकच माहीत नाही, सगळे मेले 'मिठू'. खायला दूध-पोळी द्या म्हणे, पक्ष्याला दूध पचतच नाही. आणि रोज हिरवी मिरची द्या म्हणजे जीभ सुटेल. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही म्हणून ते मजेत खातात, बोलण्याशी त्याचा काय संबंध.

दुसरं पुस्तक बहुतेक मशीननेच इंग्रजीवरून मराठीत आणलंय. "प्रत्येक योग्य कृतीनंतर पोपटावर उपचार करा" असं दोन-तीनदा वाचलं तेव्हा कळलं की हे ट्रीट आहे, म्हणजे खाऊ द्या. "पीक रिकामं झाल्यावरच पिल्लाला भरवा" यातलं पीक म्हणजे शेतातलं नव्हे, इंग्रजीतलं 'क्रॉप', पक्ष्याच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी. सासरे हसून हसून बेजार, त्यांच्यापुरते पैसे वसूल झाले म्हणायला हरकत नाही.

पण तिसऱ्या पुस्तकावर हसू आलं नाही. त्यात लिहिलंय पिंजरा स्वयंपाकघरात ठेवा, माणसांची सोबत मिळते. आम्ही तसाच ठेवला, चार दिवस, गॅसपासून हातभर लांब. शिट्टूला तपासायला नेलं तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न, घरात नॉनस्टिक तवा आहे का? तो जास्त तापला की कोटिंगमधून जो वायू निघतो त्याने पक्षी बघता बघता मरतो, माणसाला वासही कळत नाही. मी रोज सकाळी त्याच्यासमोर डोसे घालत होते. त्याच पुस्तकात फळांच्या तक्त्यात पपई आणि पेरूच्या मधे ॲव्होकॅडो आहे, ते पोपटांना विषारी. पिंजऱ्याच्या गजांमधे दीड इंच अंतर चालेल म्हणे, ते मकाव वगैरे मोठ्या पक्ष्यांचं माप, कॉकटीलला अर्धा ते पाऊण इंच लागतं, नाहीतर डोकं अडकतं.

आणि ट्रेनिंग? दोन दिवस उपाशी अंधारात ठेवा, मग ऐकतो. ९२ ग्रॅमचा जीव आहे तो, किचनच्या काट्यावर वजन केलंय आम्ही! कव्हरवर लिहिलंय २१ दिवसांत बोलेल, वर ॲलेक्सचा दाखला. तो ॲलेक्स आफ्रिकन ग्रे जातीचा पोपट होता आणि अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग बाईंनी १९७७ पासून २००७ ला तो जाईपर्यंत त्याच्यासोबत काम केलं, तेव्हा कुठे शंभरावर शब्द झाले. कॉकटील जास्त करून शिट्टीच वाजवतो, बोलला तर बोलला.

डॉक्टरांनी मग त्यांच्याकडचं एक जुनं पुस्तक वाचायला दिलं, फक्त कॉकटीलवरचं, पक्ष्यांच्या डॉक्टरने लिहिलेलं. त्यात शिक्षा हा प्रकारच नाही. काडीच्या टोकाला चोच लावली की बॉलपेन टक् करायचं, म्हणजे 'शाब्बास'ची खूण, आणि लगेच सूर्यफुलाची एक बी, बास. आठवड्यात शिट्टू काडीमागे पिंजऱ्यातून हातावर यायला लागला. आता मी कुठलंही पुस्तक बघताना आधी नॉनस्टिक आणि ॲव्होकॅडो शोधते, मग शिक्षेचं काय लिहिलंय ते, पण त्यासाठी आतली पानं दिसली पाहिजेत ना.

तुमचा माणूस म्हणतो कारण म्हणून 'कंटेंट आवडला नाही' निवडा, त्यात रिटर्न बसत नाही. कादंबरी आहे का आवडायला? तुम्ही "सर्व पोपटांसाठी उपयुक्त" लिहून विकलंत आणि ते तसं नाही.

तेव्हा ११४९ रुपये परत करा, पिल्लू काढायचं आणि स्वयंपाकघराचं अशी दोन्ही पुस्तकं आजच काढा, आणि पाळीव पक्ष्यांच्या प्रत्येक पुस्तकाखाली साल, लेखकाचा अनुभव, पक्ष्याची जात आणि अनुक्रमणिका टाका. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो, नाहीतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करणार आहे. पानांचे फोटो जोडलेत.

आपली ग्राहक,
सिडको, नाशिक

ता.क. पुस्तकं न्यायला माणूस पाठवाल तेव्हा सांगा, तिसऱ्याचं कव्हर शिट्टूने कुरतडलंय, ते "वापरलेलं" म्हणून नाकारू नका.