न्यायालयीन कोठडी न्यायालयाने पाहावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

न्यायाधीशांनी कारागृहाला भेट दिल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. अशा भेटी व्हायलाच हव्यात. परंतु त्या कशा व्हाव्यात, याबद्दल न्यायालयात 27 वर्षे लिपिक म्हणून काम केलेला माणूस या नात्याने मला काही सांगायचे आहे. आरोपीला हजर केले की रोजनाम्यात ‘न्यायालयीन कोठडी’ हे दोन शब्द आणि पुढची तारीख लिहायची, हे माझे रोजचे काम होते. ते लिहिताना एक गोष्ट निवृत्तीपर्यंत माझ्या ध्यानात आली नाही, ती ही की या कोठडीचे नावच न्यायालयाचे आहे. त्या भिंतींआड माणसाचे काय होते, हे पाहण्याची जबाबदारीही म्हणूनच न्यायालयाचीच आहे.

आता अनेक कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल लागायचा असलेले कैदी, तारखेला कारागृहातूनच व्हिडिओच्या पडद्यावर हजर होतात. न्यायालयात नेणारी पोलीस पार्टी मिळाली नाही म्हणून तारीख चुकण्याचे प्रकार त्यामुळे कमी झाले, हे मान्य केले पाहिजे. पण पडद्यावर फक्त चेहरा दिसतो. पाठीवरचे वळ दिसत नाहीत आणि कॅमेऱ्याच्या मागे कोण उभे आहे, तेही कळत नाही.

काही वर्षांपूर्वी टिपणे घेण्यासाठी मी एका न्यायाधीशांबरोबर जिल्ह्याबाहेरच्या एका कारागृहात गेलो होतो. भेटीची वेळ आधी कळवलेली होती. बराकीची फरशी अजून ओली होती, फिनेलचा वास येत होता आणि घोंगड्यांच्या घड्या एका रेषेत लावलेल्या होत्या. “काही तक्रार आहे का?” या प्रश्नाला सगळ्यांनी एका सुरात “नाही साहेब” म्हटले. तेव्हा साहेबांनी अधिकाऱ्यांना बाहेर पाठवले, मला दाराशी थांबायला सांगितले आणि स्वतः भिंतीला टेकून खाली बसले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एका वयस्क शेतमजुराने घड्यांवर विरलेला कागद पुढे केला. त्याला जामीन मंजूर होऊन सात महिने झाले होते. 15,000 रुपयांचा जामीनदार आणि त्याचा सातबारा आणायला त्याच्यामागे कोणी नव्हते. पुढच्या आठवड्यात संबंधित न्यायालयाने जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या हमीवर, त्याची सुटका केली. साहेब बराकीच्या दारातूनच परत फिरले असते, तर तो कागद त्याच्या खिशातच राहिला असता.

हे सारे काही नव्याने शोधायचे नाही. सुनील बत्रा या कैद्याने तिहारमधून पाठवलेल्या पत्रावर डिसेंबर 1979 मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की सत्र न्यायाधीशांनी आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी कारागृहांना भेटी द्याव्यात, कैद्यांना गाऱ्हाणी मांडण्याची खरी संधी द्यावी आणि तक्रारपेट्या आपल्या देखरेखीखाली ठेवाव्यात. आपल्याच राज्यातील महिला कैद्यांविषयीच्या शीला बर्से प्रकरणात 1983 मध्ये मुंबईतील पोलीस कोठड्यांना न्यायाधीशांनी, शक्यतो महिला न्यायाधीशांनी, अचानक भेटी देण्याचे निर्देश झाले. ‘अचानक’ हा शब्द तेव्हापासून आहे. जामिनाबाबत 2023 मध्ये आणखी स्पष्ट निर्देश आले: जामीन मंजूर होऊन सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकांनी मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार, काही अपवाद सोडता, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याच्या सुटकेसाठी न्यायालयाकडे अर्ज करणे हे अधीक्षकांचे कर्तव्य आहे. देशातील कारागृहांत 2022 च्या अखेरीस 5,73,220 बंदी होते आणि त्यांतील 4,34,302 कच्चे कैदी होते, म्हणजे शंभरातील जवळपास 76 जणांवरचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नव्हता.

नाशिकमधील सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयातून नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात जायला रिक्षानेही पाऊण तास पुरतो. न्यायाधीशांवर खटल्यांचा किती बोजा असतो, हे मी जवळून पाहिले आहे आणि ही मागणी त्यांचा वेळ सहज हाताशी आहे असे समजून करत नाही. तरीही महिन्यातून एक भेट, तीही न कळवता, कधी सकाळी बंदी मोजणीच्या वेळी तर कधी सायंकाळी बराकी बंद होताना व्हावी. कैद्यांशी बोलताना कारागृहाचा कोणीही कर्मचारी ऐकू येईल इतक्या अंतरावर असू नये; आणि जो बोलला त्याला पुढे त्रास झाला नाही ना, हे पुढच्या भेटीत त्याचे नाव घेऊन विचारले जावे. महिला विभागात महिला न्यायाधीशांनी जावे, कारण दवाखाना आणि आईबरोबर आत राहणारी लहान मुले यांविषयी तिथे जे सांगितले जाईल, ते इतरांपुढे सांगितले जाणार नाही.

माझा सर्वाधिक आग्रह शेरेबुकाविषयी, म्हणजे भेट देणारा आपला अभिप्राय ज्यात लिहितो त्या वहीविषयी आहे. भेटीच्या शेवटी त्यात ‘व्यवस्था समाधानकारक’ एवढेच लिहिले गेले, तर पुढे येणाऱ्याला त्यातून काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी जामीन होऊनही आत असलेल्यांची आणि कलम 479 ची मुदत पूर्ण झालेल्यांची यादी भेटीच्या दिवशीच तयार करून घ्यावी, प्रत्येक नावापुढे कोणत्या न्यायालयाला कधी कळवले ते लिहावे आणि पुढच्या भेटीची सुरुवात त्याच यादीच्या वाचनाने करावी.

आपला नम्र,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी,
जेलरोड, नाशिकरोड