शाल थंडीच्या आधी पोचेल, मावशी

आदरणीय मावशी,
ख्रिस्तामध्ये सलाम.

परवा फोन ठेवता ठेवता तुम्ही म्हणालात, "अगं, माझी तपकिरी शाल तुझ्याकडंच राहिली. थंडीच्या आधी कुणाबरोबर तरी पाठव." मी नुसतं 'हो' म्हटलं आणि फोन ठेवला. तुम्हाला वाटलं असेल, हिला काय झालं. मावशी, माझ्या तोंडून शब्दच फुटेना. माझ्या शिलाई मशीनशेजारी बसून तुम्ही वाचलेला तो अध्याय डोळ्यांपुढं आला.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "असू दे गं" म्हणून विषय बदलता. आता तुम्ही पुण्याला लेकाकडं, मी सोलापुरात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. मंडळीतल्या माणसांनी मन मोडलं म्हणून रविवारी चर्चला न जाता घरी बसलेलं आणखीही कुणी असेल, त्यांनाही वाचता येईल.

काय झालं होतं ते थोडक्यात सांगते. सोळा वर्षांपासूनची मैत्रीण. आपल्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. मी टॉवेलचे गठ्ठे पोचवायला गेलेली असले की माझी पिंपं तीच भरून ठेवायची. घराची किल्ली तिच्याकडं असायची. माझी भिशी लागली, ६०,००० रुपये, लेकीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेले. तिनं महिन्याच्या बोलीवर मागितले, मी दिले. किल्ली देताना कागद करत नाही, तसा पैसे देतानाही केला नाही. चार महिन्यांनी वडीलजनांसमोर, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्यांसमोर, ती म्हणाली, "कसले पैसे?" त्यातल्या दोघांना सगळं माहीत होतं. ते खाली बघत राहिले आणि म्हणाले, "तुमचं तुम्ही आपसात मिटवा." तिच्या खोटेपणापेक्षा त्यांचं ते खाली बघणं मला जास्त लागलं. कानातलं मोडून फी भरली.

त्यानंतर सात महिने मी उपासनेला गेले नाही. रविवारी बरोबर उपासनेच्या वेळी मशीन चालवायला बसायची. भेटायला येणारे एकच वाक्य घेऊन यायचे: "क्षमा कर, ख्रिस्ती आहेस ना." बोलायची वेळ होती तेव्हा गप्प बसलेली माणसं मला क्षमा शिकवत होती. तो शब्दच मला नकोसा झाला.

मग एका गुरुवारी तुम्ही आलात. त्या विषयाचं नावही काढलं नाहीत. टॉवेलचा ढीग पुढ्यात ओढलात, कात्री मागितलीत आणि कडेचे धागे कापत बसलात. पुढच्या गुरुवारी तसंच, त्याच्या पुढच्यालाही तसंच. चौथ्या गुरुवारी माझा बांध फुटला. मी म्हटलं, "मंडळीतली सगळी सारखीच." तुम्ही मला पुरतं बोलू दिलंत. मग विचारलंत, "सगळी म्हणजे कोण कोण? एकेकाचं नाव घे." मी घेतली. तेव्हा पिशवीतून पवित्र शास्त्र काढून तुम्ही प्रेषित पौलानं त्याच्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा चौथा अध्याय उघडलात.

तो अध्याय मी लहानपणापासून ऐकला होता, पण पौलाच्या चांगल्या युद्धापाशी आणि नीतिमत्त्वाच्या मुकुटापाशी आम्ही सगळेच थांबायचो. तुम्ही त्याच्या पुढचं वाचलंत. तुरुंगातला म्हातारा पौल, मरण समोर दिसतंय, आणि तो माणसांबद्दल बोलतोय. देमास जगाच्या मोहानं सोडून गेला. आलेक्सांद्र तांबटानं फार वाईट केलं. त्याची फेड प्रभू करील, पण तू त्याच्यापासून जपून राहा. पहिल्या सुनावणीला एकही जण बाजूनं उभा राहिला नाही. ते त्यांच्या हिशेबी लागू नये. आणि मार्काला घेऊन ये, तो माझ्या उपयोगाचा आहे.

तुम्ही बोट ठेवून दाखवलंत. "बघ, पौलानं सगळ्यांना एका गठ्ठ्यात बांधलं नाही. तांबटाचं वाईट झाकलं नाही. भ्यायलेल्यांचा हिशेब मात्र सोडून दिला. आणि मार्क कोण? पंफुल्यातून अर्ध्या वाटेवर सोडून गेलेला. त्याच्यापायी पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांची वाट वेगळी झाली. त्यालाच शेवटी बोलावतोय."

मावशी, त्या दुपारी माझ्या मनातला गठ्ठा सुटला. क्षमा म्हणजे काही झालंच नाही असं म्हणायचं, अशी माझी समजूत करून दिली होती लोकांनी. जपून राहणं आणि क्षमा करणं एकाच माणसाच्या मनात, एकाच पानावर राहू शकतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. प्रार्थनेत रागही बोलता येतो, हेही तुमच्याकडूनच कळलं. ५५ वं स्तोत्र तुम्ही मला मोठ्यानं वाचायला लावलंत, ज्यात दावीद रडतो की शत्रूनं केलं असतं तर सोसलं असतं, हा तर माझा जिवलग. मला पुढचं वाचवेना. तुम्ही पूर्ण केलंत.

आणि एक कडक गोष्टही सांगितलीत. मत्तयाच्या अठराव्या अध्यायाप्रमाणं आधी एकटीनं तिच्याकडं जायचं, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढं. मी उलटीकडून सुरुवात केली होती. मला राग आला तुमचा, पण गेले मी एकटी. ती काही बोलली नाही. दुसऱ्यांदा तुम्ही बरोबर आलात, तेव्हा रडली.

आजवर ११,००० आलेत, पाचशे-हजार करून. बाकीचे येतील की नाही, कोण जाणे. आम्ही सलाम करतो. पैशाचा व्यवहार पुन्हा नाही, किल्लीही नाही. पाणी येतं त्या दिवशी अजून मनात कढ येतो, पिंप एकटीनं भरताना. त्या दोन वडीलजनांपैकी एक श्रावणात दाराशी आले, उभ्याउभ्याच म्हणाले, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं." मी त्यांना आत बोलावून चहा केला. गेल्या महिन्यात मंडळीबरोबर प्रभुभोजनही घेतलं, दीड वर्षानं.

एक नाव तुम्ही मला दाखवलं नव्हतं, ते माझं मलाच सापडलं. त्याच पत्राच्या पहिल्या अध्यायात अनेसिफर आहे. रोममध्ये तो पौलाला शोधत शोधत आला, त्याच्या बेड्यांची त्याला लाज वाटली नाही, आणि त्यानं त्याला पुष्कळदा हुरूप दिला. तिथं आले की मला तुमची कात्री ऐकू येते.

पौलानंही त्याच अध्यायात आपला झगा मागितलाय, त्रोवसला कार्पाच्या घरी राहिलेला. आणि तीमथ्याला कळवलंय, हिवाळ्याच्या आधी ये. म्हणून परवा माझा गळा दाटला, मावशी. शाल कुणाबरोबर पाठवणार नाही. धुऊन ठेवलीय. लेकीची परीक्षा संपली की सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं मीच घेऊन येते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून आणते, सूनबाईंना सांगून ठेवा.

तुमची,
टॉवेलवाली