एका तांब्याच्या पैशाची पावती : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : सातपुड्याच्या पायथ्याला गुप्तधनासाठी होणारं खोदकाम आणि 1878 चा निखात निधी (जमिनीत पुरलेल्या धनाचा) कायदा

महोदय,
सप्रेम नमस्कार.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात येता तेव्हा सिव्हिल लाइन्समधले दुभाजक नुकतेच रंगवलेले असतात आणि रस्त्यावरचे खड्डे बुजलेले असतात. त्यामुळे आमच्याकडे खड्डे नाहीत असा आपला समज झाला असेल. मला आपल्याला दुसरे खड्डे दाखवायचे आहेत. रामटेकच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला एक पडकी गढी आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं तर पुढच्या अमावस्येला तिथे आणखी दोन खड्डे पडतील. मी निवृत्त शिक्षक, रविवारी डोंगर फिरतो. मागच्या हिवाळ्यात गेलो तर गढीतल्या देवळीची फरशी उचकटलेली होती. खाली पुरुषभर खोल खड्डा, कडेला कापलेली लिंबं, कुंकू, जळून गेलेल्या उदबत्त्या आणि एक वाकलेली सब्बल. उकरलेल्या मातीच्या ढिगात खापरं, विटांचे तुकडे, काचेच्या बांगड्यांचे टवके पडले होते. सोनं नव्हतं, म्हणून बाकी सगळं फेकलेलं.

मी जवळच्या एका कार्यालयात जाऊन सांगितलं. तिथल्या साहेबांनी विचारलं, "चोरीला काय गेलं?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हा त्यांनी मला दुसऱ्या कार्यालयाचा पत्ता दिला. दुसऱ्याने तिसऱ्याचा. हे पत्र त्याच रांगेतलं चौथं कार्यालय समजा.

आमच्याकडे ही सोन्याची गोष्ट आईच्या दुधाबरोबर येते. नागपंचमीला नागद्वारला आणि शिवरात्रीला महादेवाला जाणारी निम्मी माणसं विदर्भातली. पचमढीच्या त्या दऱ्यांतून चालताना कुणीतरी म्हातारा हटकून सांगतोच की नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले यांनी इथेच कुठेतरी सोन्याच्या गाड्या पुरल्या. माझी आजीही सांगायची. वर म्हणायची, "धन सरकते बाप्पा. लोभी माणसानं हात लावला का कोळसे होते त्याचे."

आजीच्या गोष्टीतला अप्पासाहेब खोटा नाही. नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी लढाई झाली, ती भोसल्यांनी गमावली. पुढच्या वर्षी अप्पासाहेबांना कैद करून प्रयागकडे नेत असताना मे महिन्यात ते वाटेतून निसटले, आणि पचमढीकडच्या त्याच महादेवाच्या डोंगरांत गोंड सरदारांच्या आसऱ्याला जाऊन राहिले. 1819 च्या सुरुवातीला तिथून असीरगड, मग पंजाब, शेवटी जोधपूर. 1840 मध्ये तिथेच गेले. पण निसटले कसे? पहाऱ्यावरच्या शिपायाचा वेष घालून. वर्गात मी हे शिकवायचो तेव्हा मागच्या बाकावरचं एखादं पोट्टं विचारायचंच, "सर, शिपायाच्या डगल्यात सोन्याच्या गाड्या कुठं लपवल्या?" प्रश्न अगदी बरोबर आहे. इंग्रजी फौज मागावर असलेला माणूस दोन वेळचं खाणं शोधेल की तिजोरी पुरेल?

भोसल्यांच्या खजिन्याचं खरं काय झालं ते कागदावर आहे. डिसेंबर 1853 मध्ये तिसरे रघुजी वारले, मागे वारस नव्हता. गव्हर्नर जनरल डलहौसीने 1854 मध्ये राज्य खालसा केलं. मग राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीच्या बाजारात विकले गेले आणि जडजवाहीर कलकत्त्यात लिलावाला गेलं. थोरल्या पिढीच्या राणी बाकाबाई विरोध करत राहिल्या, कुणी ऐकलं नाही. म्हणजे खजिना डोंगरात गेलाच नाही, दिवसाढवळ्या बोली लावून गेला. त्याच घराण्यातल्या पहिल्या रघुजींची तलवार 2025 मध्ये लंडनच्या लिलावात निघाली, आणि आपल्या सरकारने 47 लाखांच्या वर रक्कम मोजून ती परत आणली. 'सेनासाहेबसुभा' या किताबासह रघुजींचं नाव कोरलेलं ते पातं मुंबईत उतरलं त्या दिवशी नागपुरातल्या आमच्या महाल भागातल्या चहाच्या टपरीवरही तोच विषय होता. त्याबद्दल आपले आभार मानायचेत, ते इथेच मानतो. पण लंडनहून परत आणायला पैसा लागतो, इथे मातीत आहे ते राखायला पैशाआधी थोडं लक्ष लागतं.

दुसरी गोष्ट देवगडची. नागपूर वसवणाऱ्या गोंड राजा बख्त बुलंद शाहची ती राजधानी, आज मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात. तिथून नागपूरपर्यंत भुयार आहे आणि त्यात सोनं आहे, असं दोन्हीकडचे लोक सांगतात. एवढं लांब भुयार, वाटेत कन्हान नदी. असो. देवगडबद्दल आणखी एक म्हण आहे, आठशे विहिरी नि नऊशे बावड्या. भुयार कुणाला सापडलं नाही, पण रोजगार हमीच्या कामातून तिथल्या कित्येक बावड्या गाळ काढून मोकळ्या झाल्या आणि पाणी दिसू लागलं. लोककथेत खजिना असतोच, फक्त ऐकणारा चुकीच्या शब्दावर कान ठेवतो. (देवगड आपल्या हद्दीत नाही हे मला माहीत आहे. डोंगराला ते माहीत नाही.)

आता खऱ्या सोन्याचं. ज्या शहरात भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय आहे आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय आहे, त्या शहराच्या आसपास लोक कासव घेऊन सोनं शोधतात, याचं हसू येतं आणि मग येत नाही. नागपूर जिल्ह्यातच पारसोरी परिसरात भूवैज्ञानिकांना सोन्याच्या खुणा सापडल्या आहेत. पण ते सोनं दगडाच्या पोटात, टनामागे ग्रॅमच्या हिशेबात मोजायचं. त्याला हंडा नसतो, त्यावर नाग बसत नाही.

हंड्याच्या नादाने काय होतं ते मी शाळेत पाहिलं. माझ्या वर्गातलं एक मूल दोन दिवस आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं ते सुजलेले लाल डोळे घेऊन. ते पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेलं. पायाळू माणसाच्या डोळ्यात अंजन घातलं की जमिनीतलं धन दिसतं, अशी समजूत आहे. नात्यातल्याच कुणी त्याला मांत्रिकापुढे बसवून डोळ्यांत काय घातलं देव जाणे. रात्रभर विचारत होते, "काय दिसते?" पोराने शेवटी कंटाळून "हंडा दिसतो" म्हटलं, तेव्हा त्याला झोपू दिलं. सकाळी त्या जागी खणलं. निघाला मुरूम. धन शोधायला धरलेले मांडूळ साप, वीस नखांचं कासव, घुबड यांची गत तर याहून वाईट होते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या नावाने होणारे अघोरी प्रकार स्पष्ट लिहिलेत. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे, पोलिसांत दक्षता अधिकारीही नेमायचा आहे. मला वाटतं, हा भाग गृहखात्याचा म्हणून आपण पुढे सरकाल. सरकवा, पण सोबत एक चिठ्ठी लावा.

माझं म्हणणं आपल्याच खात्याशी आहे, आणि ते एकच आहे. माणूस सापडलेली वस्तू लपवतो ती लोभाने कमी, सरकारच्या भीतीने जास्त. हे मी घरात पाहिलं म्हणून सांगतो.

माझ्या काकांनी वावरात विहीर खणायला घेतली होती. धुऱ्याजवळ दहा-बारा हात खाली एक गाडगं लागलं. आत तांब्याचे पैसे, एकमेकांना चिकटून हिरवे पडलेले. आजोबा म्हणाले, तहसीलला कळवू. काका उसळले, "पोलीस आले का वावर सील करतीन. मंग पेरू काय, तुमचं डोस्कं?" रात्री गाडगं फोडलं, पैसे राखेने घासले आणि आठवडी बाजारात भांडीवाल्याला वजनावर दिले. बदल्यात पाणी भरायचा एक गुंड आणि दोन परातींचे पैसे सुटले. परात अजून आहे, लग्नाकार्यात त्यात कणीक मळतात. त्यातला एक पैसा आजोबांनी गुपचूप माझ्या मुठीत ठेवला. पुढे कित्येक वर्षांनी नाण्यांच्या एका जाणकाराला तो दाखवला. फारसी वळणाची अर्धवट अक्षरं पाहून ते म्हणाले, भोसल्यांच्या काळातला असावा. मग विचारलं, "बाकीचे कुठे? गाडगं कसं होतं? कुठल्या थरात मिळालं? सोबत काय होतं?" मी परात आठवून गप्प बसलो.

काकांना कायदा माहीत असता तर? 1878 चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. चौकशी होते, हक्क सांगणाऱ्यांना नोटीस निघते. धन बेवारस ठरलं आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसला तर सापडवणाऱ्याला तीन चतुर्थांश, मालकाला एक चतुर्थांश. सरकारला वस्तू स्वतःकडे ठेवायची असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देऊन घ्यायची. आणि लपवली तर हिस्सा जातो, वर वर्षभरापर्यंत कैद. माझे काका मालकही होते आणि सापडवणारेही. सरकारने त्यांना भांडीवाल्यापेक्षा जास्त दिलं असतं. पण गावात कैदेचं कलम सगळ्यांना पाठ आहे, बक्षिसाचं एकालाही नाही. आणि बक्षीस द्यायचं ठरलंच तर ते हातात पडेपर्यंत माणसाचे किती हेलपाटे व्हावेत, हेही आपण जरा पाहावं.

या कायद्याच्या आठच वर्षं आधी, 1870 मध्ये, आजच्या बालाघाट जिल्ह्यात गुंगेरियाला दोन गुराखी पोरांना जमिनीतून धातूचं टोक वर आलेलं दिसलं. त्यांनी ओढलं, उकरलं. निघाली 424 तांब्याची हत्यारं, वजन 829 पौंड, आणि 102 चांदीचे पातळ पत्रे. हजारो वर्षांपूर्वीचा हा ठेवा वितळला नाही, कारण तो वेळेत कुणाच्या तरी नजरेला पडला. त्यातल्या काही वस्तू आमच्या अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या संग्रहालयात आहेत. मी दरवर्षी पोरांना तिथे नेत असे. पोरं वाघाच्या सांगाड्यापुढे घुटमळायची, मी त्यांना ओढत तांब्याच्या कुऱ्हाडींपुढे आणायचो आणि सांगायचो, हे तुमच्याएवढ्या पोरांनी शोधलं.

आणि सोनंच कशाला हवं? रामटेकजवळच्या नगरधनला आपल्याच पुरातत्त्व खात्याने डेक्कन कॉलेजसोबत 2015 ते 2018 दरम्यान उत्खनन केलं. तिथे वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिची मातीची मुद्रा मिळाली, तिचं नाव ब्राह्मीत, वर शंख. सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी, नवऱ्यामागे लहान मुलांच्या वतीने राज्य चालवलेली बाई. मुद्रेचं वजन 6.40 ग्रॅम. तोळ्याच्या भाषेत सांगायचं तर अर्ध्या तोळ्याहून किंचित जास्त माती. सब्बल घेऊन रात्री खणणाऱ्याच्या हाती ती आली असती तर घमेल्यातून ढिगावर गेली असती, माझ्या त्या गढीतल्या खापरांसारखी.

तेव्हा महोदय, मोठी योजना नको. डोंगरालगतच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, जिथे हागणदारीमुक्तीचं रंगवलं होतं तिथेच, चार ओळी रंगवा : सापडलं तर कुणाला सांगायचं, तुमचं वावर कुणी घेणार नाही, तुम्हाला किती मिळेल, किती दिवसांत मिळेल. शेवटच्या दोन गोष्टी खऱ्या करण्याची जबाबदारी आपली. पोलीस पाटील आणि कोतवाल यांना तालुक्याला बोलावून अर्धा दिवस समजावून सांगा. आणि जमलं तर म्हाताऱ्या माणसांकडच्या या गोष्टी कुणाला तरी उतरवून घ्यायला लावा. कुठल्या टेकडीवर हंडे चालतात असं लोक म्हणतात, ती यादी मांत्रिकांकडे आहे. आपल्या खात्याकडेही असावी.

राहिला माझा पैसा. कायद्याच्या हिशेबाने मीही गुन्हेगारच, वस्तू इतकी वर्षं घरात ठेवली. येत्या अधिवेशनात मी तो रुमालात बांधून विधानभवनाच्या फाटकाशी घेऊन येतो. कुठल्या टेबलावर द्यायचा ते आधी कळवा. आणि पावती मात्र द्या. पावतीवर विहिरीची जागा, खोली आणि काकांचं नाव लिहायला रकाना असू द्या.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
नागपूर